बारा कोंबड्यांखालची जमीन

नाव : लालासाब मीरासाब नदाफ. वय : शाळेच्या दाखल्याप्रमाणे चोपन्न, आईच्या सांगण्याप्रमाणे छप्पन्न. राहणार : रविवार पेठ, कोल्हापूर. उंची मध्यम, वर्ण सावळा. ओळखीची खूण : दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीची चौकट करून तीतून समोर पाहण्याची सवय. धंदा : पूर्वी होता. स्थावर : मागील दारी चौदा बाय दहा फुटांचे आवार, पैकी आठ फुटांवर पत्रा. शेतजमीन : निरंक. जमिनीच्या कामाचा अनुभव : तीस वर्षे. सदर इसमाने आजपावेतो अंदाजे चारशे ठिकाणची जमीन तयार केली असून त्यांपैकी एकही जागेवर आढळून येत नाही. सबब चौकशी बंद करण्यात येत आहे.

अशी नोंद कुठल्याही कचेरीत सापडणार नाही. कचेऱ्यांनी दखल घ्यावी असं लालासाबनं काही केलं नव्हतं. तरीही ती खोटी नाही.

नदाफ म्हणजे कापूस पिंजणारे. लालासाबचा बाप खांद्यावर पिंजण टाकून पेठापेठांतून गाद्या पिंजत फिरे, आणि मुलगाही तेच करणार हे ठरलेलं होतं. पण बेचाळीसच्या सुमारास गावातल्या एका स्टुडिओनं बापाकडं दोन मण पिंजलेला कापूस मागितला. पौराणिक चित्रपट होता, इंद्राचा दरबार होता आणि देवांना ढगांवरून चालायचं होतं. कापूस पोचवायला गेलेल्या लालासाबनं पाहिलं, तर ढग ढिगानं टाकलेले आणि देव गुडघ्यापर्यंत रुतलेले. वरुणाची एक खडाऊ आतच राहिली होती आणि दोन माणसं ती शोधत होती. लालासाबनं कुणाला न विचारता कापूस उपसला, खाली गोणपाट ताणून बसवलं, वर बोटभर थर दिला आणि कडेकडेला तो इतका विरळ करत नेला की ढग कुठं संपतो हे कुणाला सांगता येईना. देव चालू लागले. त्या दिवशी पिंजणाकडं परत जायचं राहिलं, ते तीस वर्षं राहिलं.

हजेरीपटावर त्याच्या कामाला नाव नव्हतं. लोक त्याला जमीनवाला म्हणत. भिंती सुतार उभ्या करत, आभाळ रंगारी रंगवत, आणि त्या दोहोंच्या मधे पात्रांच्या पायांखाली जे काही असतं ते लालासाबचं. भाताच्या तुसाचं वाळवंट, चाळलेल्या वाळूचा नदीकाठ, विटांच्या भुकटीचं रणांगण. त्याच्या जमिनीवरून राजे गेले, साधू गेले, एकदा एक हत्तीण गेली आणि तिनं वाळवंटाचा काही भाग खाल्ला. संध्याकाळी सगळं खराट्यानं लोटून कोपऱ्यात लावायचं. दुसऱ्या दिवशी तेच तूस खळं होई, नाहीतर समुद्रकिनारा.

या कामाचे नियम दोनच होते. जमिनीनं धूळ उडवायची नाही, कारण दिव्यांच्या झोतात धूळ दिसते. आणि जमिनीनं आवाज करायचा नाही, कारण माइकला नायिकेचं बोलणं आणि पाचोळ्याचं बोलणं सारखंच. म्हणून जंगलातला पाचोळा आदल्या दिवशी भिजत घालावा लागे. दिवे लागले की कुणीतरी म्हणे, ‘लालासाब, पाणी,’ आणि लालासाब झारी घेऊन अख्ख्या वाळवंटाला हलकासा शिडकावा देऊन येई. मग जमीन गप्प बसे. त्या गप्प बसण्याचा एक क्षण असायचा. कॅमेरा सुरू व्हायच्या आधीचा. लालासाबला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की तेवढ्या क्षणापुरतं ते खरंच वाळवंट असायचं. पण त्याला कुणी विचारलं नाही.

पुढं रंगीत चित्रपट आले. काळ्या-पांढऱ्यात तूस म्हणजे वाळवंट होतं. रंगीतमध्ये तूस म्हणजे तूस दिसू लागलं. लोक खऱ्या वाळवंटात जाऊन चित्रण करू लागले, आणि स्टुडिओतलं चित्रणाचं एक दालन खताच्या पोत्यांना भाड्यानं गेलं. बहात्तरच्या दिवाळीत लालासाब घरी आला. निरोपाचा समारंभ झाला नाही, म्हणून त्यानं झारी बरोबर आणली.

त्याची बायको मेहमुदा शाहूवाडीकडच्या मलकापूरची. तीस वर्षं तिनं नवऱ्याला पहाटे जाताना आणि दिवेलागणीला येताना पाहिलं होतं. दिवसा तो कसा असतो हे तिला माहीत नव्हतं. आता तो दिवसा असू लागला. मागच्या दारी पत्र्याखाली स्टूल टाकून बसायचा आणि तिच्या कोंबड्यांकडं पाहायचा. मधूनच बोटांची चौकट करून त्यातून पाहायचा. कोंबड्यांची त्याला हरकत नव्हती, त्यांनाही त्याची नव्हती.

घरात दख्खनी बोलली जाई. पण मागच्या आवाराच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडं शेजारच्या विठाबाईचं परस होतं, म्हशी होत्या आणि स्वतः विठाबाई होती. त्यामुळं आवाराची राजभाषा मराठी होती. कोंबड्यांनाही मेहमुदा मराठीतच शिव्या घाले.

त्र्याहत्तरच्या आषाढात मेहमुदाच्या नऊ कोंबड्या मेल्या. दहा-बारा दिवसांत. पंख ढिले सोडून एकेक कोपऱ्यात जाऊन बसायची, रक्ताची हगवण लागायची, आणि सकाळी मेहमुदा तिला पायांनी धरून बाहेर काढायची. खालची माती ओली होती, एवढं सगळ्यांनी पाहिलं. पाऊस होता, माती ओली असणारच. नववी काढली तेव्हा मेहमुदा चुलीपुढं बसून राहिली आणि त्या दिवशी घरात भाकरी झाली नाही.

तरीही पुढच्या माघात ती माहेरहून कोंड्यात घालून पंधरा अंडी घेऊन आली. एसटीत मांडीवर. रस्त्यातल्या खड्ड्यांसकट. अंड्यांवर बसवायला खुडूक कोंबडी विठाबाईनं उसनी दिली. फाल्गुनात बारा पिल्लं निघाली, आणि तुरे फुटायच्या वेळी कळलं की त्यांतला एकही नर नव्हता. असं सहसा होत नाही. विठाबाई म्हणाली, कुणाच्यातरी नशिबात अंडी हाईत.

तेव्हा मेहमुदाचा भाऊ मौलाली आला. मौलाली गवंडी होता आणि जगातल्या बहुतेक दुःखांना त्याच्याकडं काँक्रीट हा उपाय होता. त्यानं आवार टेपनं मोजलं. म्हणाला, खाली कोबा करू, वर पुढंमागं खोली चढवू, कॉलेजचा पोरगा ठेवा. कोंबड्या हव्याच असतील तर गच्चीवर ठेवा, नाहीतर नका ठेवू. दुलाभाईंना, म्हणजे लालासाबला, बसायला पुढच्या दारी कट्टा करून देतो. पुढच्या दारी रस्ता होता, सायकली होत्या आणि सबंध दिवस ओळखीचे लोक होते. लालासाबनं स्टुलावरून त्याच्याकडं पाहिलं, एखाद्या राजानं दुसऱ्या चित्रपटातल्या राजाकडं पाहावं तसं.

मेहमुदानं भावाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिची अट नवऱ्याला होती. आवारातली जमीन ह्या वर्षी त्यानं करायची. आषाढात एक जरी कोंबडी ओल्यानं मेली, तर मौलालीचं सिमेंट येईल आणि ती पुन्हा कोंबडी पाळणार नाही. ‘मला पुन्हा तसं पायाला धरून काढायला जमायचं न्हाय,’ ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

लालासाबला पुन्हा काम मिळालं होतं.

त्यानं ते स्टुडिओच्या रीतीनं सुरू केलं. आधी पत्रा पाहिला. खिळ्यांच्या भोकांत डांबर भरलं, पावसाच्या बाजूनं तट्ट्या बांधल्या, कडेनं चर खणला. मग पत्र्याखालची जागा बांबूच्या काठीनं चार भागांत वाटली, आणि ठरवलं की प्रत्येक भागात वेगळी जमीन अंथरायची आणि पात्रांनाच चालू द्यायचं.

पहिली आली उद्यमनगरातल्या फाउंड्रीची जळकी वाळू. काळी, मऊ, लोखंडाच्या साच्यांतून निघालेली. फाउंड्रीवाले ती रस्त्याच्या कडेला टाकतच असत. लालासाबनं पहाटे ती अंथरली, आणि ऊन तिरपं आलं तेव्हा आवाराचा तो कोपरा इतका सुंदर दिसला की तो चहा प्यायचा विसरला. नदीकाठ, चांदणं, नायक यायचा आहे. त्याऐवजी कोंबड्या आल्या. त्यांनी त्या वाळूत अंग घुसळलं आणि बाराच्या बारा एकाच रंगाच्या होऊन निघाल्या. मेहमुदाला त्या मोजता येईनात. दुपारी वाळू तापली तेव्हा त्या एका पायावर उभ्या राहू लागल्या, पाय बदलत. विठाबाई भिंतीवरून म्हणाली, ‘लालाभाई, ह्या कोंबड्या म्हनायच्या का कावळ्यांची पंगत?’ वाळू गेली.

दुसरा टिंबर मार्केटमधला भुसा. सागवानाचा, ताजा, अजून गरम वाटणारा. त्याचा वास आवारात भरला आणि लालासाबला सुतारांची ठोकठोक ऐकू येऊ लागली. डोळे मिटून बसला तर समोर महालाचा पाठचा भाग, म्हणजे नुसत्या फळ्या आणि टेकू, ज्यांवर सुतार पंचांग टांगत. भुसा पायाला छान होता. कोंबड्यांना तो पोटालाही छान वाटला. दोन दिवस त्यांनी दुसरं काही खाल्लं नाही. गळ्याखाली चेंडूएवढ्या पिशव्या घेऊन त्या हिंडू लागल्या, तेव्हा मेहमुदानं खराटा उचलला.

तिसरं चिपाड, गुऱ्हाळावरचं, उसाचा रस काढून उरलेलं. हे विठाबाईनं सुचवलं आणि बैलगाडीतून आणवलंही. पण चरकातून दोनदा काढला तरी कोल्हापूरच्या उसात काहीतरी उरतंच. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. कोंबड्यांनी मुंग्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी आणखी आल्या. ही व्यवस्था दोन्ही बाजूंना काही काळ मान्य होती. मग मुंग्यांना घराकडची वाट सापडली, आणि गुळाच्या डब्यावरून मेहमुदानं निकाल दिला.

‘आवो, तूस टाका की,’ विठाबाई म्हणाली. ‘कोंबडीला गादी घालताय का तिचं लगीन लावताय? आमच्या गगनबावड्याच्या म्हेवण्याकडं पाऊस बगितलाय का तुमी? तिथं कोंबड्या तुसावरच जगत्यात.’

लालासाबला तूस नको होतं. ह्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण ते मेहमुदाला कळलं असावं, कारण तिनं आग्रह केला नाही. तीस वर्षं त्यानं तूस अंथरलं होतं. तुसाइतकं लबाड काही नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. ते वाळवंट होतं, खळं होतं, एकदा तर गुलाल मिसळून सूर्यास्तही होतं. फक्त तूस म्हणून कुणी त्याच्यावर चाललेलं त्यानं पाहिलं नव्हतं. अशा गोष्टीवर जिवंत कोंबड्यांची जबाबदारी टाकायची म्हणजे इंद्राच्या दरबारात धान्य साठवण्यासारखं होतं.

तरी ज्येष्ठ संपत आला आणि चौथा चौकोन रिकामा होता. गिरणीतून चार पोती तूस आलं. शाहूवाडीच्या भाताचं, सोनेरी, हलकं. त्यानं ते अंथरलं आणि मागं सरून बोटांची चौकट केली. वाळवंटच दिसलं. मग कोंबड्या आत आल्या. सगळ्यांत पुढची होती ती पिवळट, मान उघडी असलेली. तिनं उजवा पाय मागं ओढला, डावा ओढला, मान वाकडी करून खाली पाहिलं, आणि एक शिल्लक राहिलेला दाणा उचलला. मग बाराही जणी ओढू लागल्या. सर्रसर्र असा आवाज पत्र्याखाली भरला. संपूर्ण वाळवंटाची त्यांनी अर्ध्या तासात उलथापालथ केली, आणि त्याला वाळवंट म्हणून क्षणभरही मानलं नाही.

लालासाब स्टुलावर बसून राहिला. दुपारभर. तट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या तुसावर पडत होत्या आणि कोंबड्या एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जात होत्या, उजळत आणि विझत. त्याला डुलकी लागली. डुलकीत तो चालत होता, अनवाणी, एका लांबलचक जमिनीवरून, आणि पायांखाली आधी कापूस होता, मग वाळू, मग भिजलेला पाचोळा, मग पुन्हा कापूस, आणि त्या जमिनीला कुठं भिंत लागत नव्हती. कुणी खराटा घेऊन मागून येत नव्हतं. जागा झाला तेव्हा एक कोंबडी त्याच्या पायावर बसली होती. चारही चौकोनांत तूस घालायचं, असं त्यानं त्याच संध्याकाळी ठरवलं. चार इंच जाड.

आषाढ लागला. पाऊस बसला तो बसलाच. पंचगंगा घाटाच्या पायऱ्या मोजत वर येऊ लागली आणि पेठेत लोक पायऱ्यांच्याच भाषेत बोलू लागले. पत्रा गळला नाही. चर वाहत राहिला, आत थेंब आला नाही. मौलालीनं एकदा डोकावून तट्ट्यांचं कौतुकही केलं. परक्या धंद्याचं कौतुक करताना तो उदार असे.

आठव्या दिवशी तूस जड झालं. वरून सोनेरीच, पण खाली हात घातला तर ढेपा. त्यांतून नाकाला झोंबणारा वास येऊ लागला, तबेल्यासारखा पण त्याहून धारदार. लालासाबनं पत्रा तपासला. छत्री घेऊन पावसात उभा राहिला आणि एकेक खिळा पाहिला. चर आणखी खोल केला. जमिनीला कान लावून ऐकलं, कुठं झरा आहे का. झरा नव्हता. दहाव्या दिवशी ती उघड्या मानेची पिवळट कोंबडी पंख ढिले सोडून कोपऱ्यात जाऊन बसली.

कोंबडीला मेहमुदानं टोपलीत घालून चुलीजवळ नेलं, हळद-ताकाचं पाणी चमच्यानं पाजलं, आणि दुपारी गल्लीतल्या एकाजवळ मौलालीला निरोप दिला. लालासाबनं तो निरोप ऐकला. तो स्टुलावरच बसला होता. उरलेल्या अकरा जणी चुपचाप चालत होत्या. सर्रसर्र असा आवाज आता येत नव्हता.

मौलाली दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आला. हातगाड्यावर ताडपत्रीखाली सिमेंटची दोन पोती. पुढच्या दाराला कडी घातलेली नव्हती. मेहमुदा चहा टाकत होती, ती म्हणाली, मागं हाईत. मौलाली सरळ मागच्या दारी आला आणि उंबऱ्यातच थांबला.

पाऊस जरा थांबला होता. भिंतीपलीकडं विठाबाई बादलीतून हातानं सडा टाकत होती, फटक फटक. आणि अलीकडं पत्र्याखाली लालासाब झारी घेऊन तुसावर शिडकावा देत होता. अगदी हलका. एका कोपऱ्यातून सुरुवात करून मागं मागं सरत, म्हणजे स्वतःच्या पावलांचा ठसा उठू नये. तुसातून बारीक उठलेली धूळ खाली बसत होती. कोंबड्या बाजूला उभ्या होत्या, सवयीनं. शेवटचा कोपरा झाल्यावर त्यानं झारी खाली ठेवली आणि तो क्षणभर थांबला, जणू पुढं कुणीतरी काहीतरी म्हणणार होतं.

‘दुलाभाई, काय करतायसा?’ मौलाली म्हणाला.

‘काय?’

‘पानी मारतायसा.’

लालासाबनं झारीकडं पाहिलं. ‘धूळ बसवतोय.’

‘पानी आमी मारतो. स्लॅबवर. घट्ट व्हायला पायजे म्हनून.’ मौलाली गवंडी होता. दुसऱ्याच्या कामातली चूक तो मोठ्यानंच सांगे, पण ह्या वेळी त्याचा आवाज खाली आला. ‘ह्ये तूस तुमाला घट्ट करायचंय व्हय?’

मेहमुदा चहाचे दोन ग्लास घेऊन मागं येऊन उभी राहिली होती. चहा तिनं कुणाला दिला नाही.

‘रोज?’ तिनं विचारलं.

‘रोज.’

‘मागल्या सालीबी?’

घरी आल्यापासून एकही सकाळ लालासाबनं कोरडी सोडली नव्हती, आणि ते त्याला आता, ह्या क्षणी, एकदम सगळ्या सकाळींसकट दिसत होतं. सहाशेच्या आसपास सकाळी. ‘हात जातोय,’ तो म्हणाला. ‘मला कळत न्हाय.’

भिंतीपलीकडची फटक फटक थांबली होती. विठाबाई बादली कडेला घेऊन उभी होती. ‘आत्ता गं बया,’ ती म्हणाली. ‘मी रोज बगतोय की. मला वाटलं तुमच्यातबी सडा घालत्यात.’

आणि मेहमुदाला इतके दिवस वाटत होतं की नवऱ्यानं हे विठाबाईचं पाहून उचललं. कुणाला विचारावं असं त्यात काही नव्हतं. अख्खी पेठ सकाळी अंगणात पाणी टाकते. त्या पाण्यात आणखी एक झारी कुणाला दिसणार होती?

मौलालीनं चहाचा ग्लास बहिणीच्या हातातून स्वतःच काढून घेतला आणि प्यायला. दुलाभाईंचा ग्लास तसाच राहिला, निवेपर्यंत. मेहमुदा आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, झारी उचलली, भिंतीपाशी गेली आणि ती विठाबाईच्या हातात दिली. मग नवऱ्याकडं न पाहता म्हणाली, ‘नऊ होत्या.’

लालासाब म्हणाला, ‘व्हय.’

मग तीन दिवस नवरा-बायकोत बोलणं झालं नाही. ह्या तीन दिवसांत लालासाबनं सगळं तूस उपसलं, ढेपा पाटीनं विठाबाईच्या उकिरड्यावर नेल्या, खालची माती खरवडली, तिच्यावर चुन्याची फक्की मारली आणि विठाबाईच्या चुलीतली चाळलेली राख पसरली. गिरणी चालू होती. पावसात मेणकापड पांघरून आणलेलं नवं तूस घरात पुढच्या खोलीत अंथरून त्यानं पंख्याखाली एक दिवस ठेवलं, म्हणजे घरातली माणसं एक दिवस वाळवंटातून ये-जा करत होती. स्टूल त्यानं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्या तीन दिवसांत तो त्यावर बसला नाही.

मौलालीनं सिमेंटची पोती बोळात ठेवली होती. तो रोज संध्याकाळी येई आणि बहिणीला विचारे, कधी घालू. बहीण म्हणे, टोपलीतली बघू दे.

टोपलीतली उघड्या मानेची तिसऱ्या दिवशी दुपारी मेली.

मेहमुदानं तिला बाहेर आणलं. लालासाब नवं तूस अंथरत होता. शेवटचा चौकोन राहिला होता. तो उभा राहिला आणि त्यानं कोंबडी तिच्या हातातून घेतली. पायांना धरून नाही, दोन्ही हातांत. चराच्या पलीकडं, लिंबाच्या बुंध्याशी, त्यानं खड्डा केला. पाऊस चालू होता. भिजत भिजत त्यानं माती सारखी केली. वरून पाहिलं तर तिथं काही केलंय असं दिसत नव्हतं. ती त्याची कारागिरी होती, तिच्यावर त्याचा इलाज नव्हता.

संध्याकाळी मौलाली आला. अट त्यालाही माहीत होती, कारण ती त्याच्यादेखतच झाली होती. एक जरी मेली तर. त्यानं थापी आणि ओळंबा बरोबर आणला होता. मेहमुदा मागच्या दारात बसली होती. आत पत्र्याखाली अकरा जणी नव्या तुसात पाय ओढत होत्या, आणि धूळ उठत होती. चांगलीच उठत होती. दिवेलागणीच्या उजेडात ती आवारभर तरंगत होती, हळू, सोनेरी, आणि कुणी तिला खाली बसवत नव्हतं. लालासाब भिंतीला टेकून उभा होता. त्याचा उजवा हात मधूनच पुढं येई आणि परत जाई.

‘आपा, मग काय करू?’ मौलालीनं विचारलं.

मेहमुदाला शिंक आली. एक, मग दुसरी. तिनं पदरानं नाक पुसलं.

‘ही पावसानं मेली न्हाय,’ ती म्हणाली. ‘कशानं मेली ते आता मला ठाव हाय.’ मग नाक पुन्हा पुसून, ‘विठाआक्काच्या गोठ्याची गटार फुटलीया. सिमिट तिकडं घाल.’

मौलालीला ह्यातलं तर्कशास्त्र पटलं नाही. तो बराच वेळ ते बोलून दाखवत होता. पण गटार खरोखरच फुटली होती.

त्या दिवसापासून रोज सकाळी, विठाबाई सडा टाकत असताना, लालासाब दाताळं घेऊन तूस खालीवर करी. खालचं वर, वरचं खाली. मग मूठभर उचलून दाबे आणि मूठ उघडे. तूस सुटं होऊन बोटांमधून पडलं की पुढच्या कोपऱ्याकडं जाई. नाकाला फडकं बांधलेलं असे. पहिले काही दिवस मेहमुदा दारात उभी राहून पाहायची. मग ती चहा टाकू लागली. एकदा विठाबाईनं भिंतीवरून विचारलं, ‘आनि लालाभाई, आवाज किती करत्यात वो ह्या तुमच्या कोंबड्या?’ लालासाबनं थांबून ऐकलं. सर्रसर्र. पत्र्यावर पावसाचा, खाली पायांचा. ‘करू दे,’ तो म्हणाला.

श्रावणात स्टूल पुन्हा पत्र्याखाली आलं. कोण घेऊन आलं हे सांगता येत नाही. लालासाब त्या वेळी गिरणीवर गेला होता.

भाद्रपदाच्या अखेरीस आवारात अकरा कोंबड्या होत्या, त्यांपैकी आठ अंडी देत होत्या, आणि त्यांच्याखाली चार इंच कोरडं तूस होतं.